हासेदेरा (नारा): ३९९ पायऱ्या चढून अकरा मुखांच्या अवलोकितेश्वराच्या पायाशी

रानवाटा

जपानला जाणाऱ्या आपल्या मंडळींचा नाराचा दिवस बहुतेक ठरलेला असतो. सकाळी तोदाइजीचा महाबुद्ध, मग हरणांना बिस्किटं, दुपारी क्योतोची परतीची गाडी. तोदाइजी बघायलाच हवं, त्यात वाद नाही. पण त्याच नारा प्रांतात, साकुराइच्या पूर्वेला डोंगराच्या कुशीत हासेदेरा नावाचं मंदिर आहे आणि तिथे मराठी माणूस क्वचितच दिसतो. मी ओसाकात राहते, त्यामुळे वेगवेगळ्या ऋतूंत तिथे जाणं होतं. मराठीत यावर कुणी सविस्तर लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून हा धागा काढतेय.

आधी इतिहास, थोडक्यात. मंदिराच्या परंपरेनुसार ६८६ मध्ये दोम्यो नावाच्या भिक्षूने सम्राट तेम्मूसाठी इथे पहिली स्थापना केली. पुढे ७२७ मध्ये तोकुदो या भिक्षूने शेजारच्या टेकाडावर अकरा मुखांच्या कान्नोनची, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराची मूर्ती बसवली. त्यानंतर मंदिर अनेकदा जळालं. मूर्ती जळाली आणि दर वेळी नव्याने कोरली गेली. आज दिसते ती १५३८ ची, पूर्ण लाकडी, उंची १० मीटरहून थोडी जास्त. तिच्यावरचं मुख्य मंदिर १६५० चं, तिसरा तोकुगावा शोगुन, म्हणजे लष्करी शासक, इएमित्सू याच्या देणगीतून उभं राहिलेलं, आणि आता राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झालेलं.

खरी गंमत सुरू होते ती महाद्वारातून आत पाऊल टाकल्यावर. समोर एकदम ‘नोबोरिरो’, म्हणजे छप्पर असलेला दगडी जिना. ३९९ पायऱ्या, दोन्ही बाजूंना लाकडी खांबांची रांग, वर कौलारू छप्पर, आणि मधोमध ओळीने टांगलेले गोल कंदील. एकूण १०८ खण, खालचा, मधला आणि वरचा असे तीन टप्पे, आणि टप्पा बदलला की वाट वळते. मनुष्याचे १०८ क्लेश मानतात, त्यावरून हा आकडा आहे. हा जिना पहिल्यांदा १०३९ मध्ये बांधला गेला. आजचे खालचे दोन टप्पे १८८२ च्या आगीनंतर, १८८९ मध्ये पुन्हा उभारलेले आहेत.

पायऱ्यांची गोष्ट मुद्दाम सांगते. त्या फार बुटक्या आहेत, जेमतेम अर्ध्या वितीच्या. किल्ले चढायची सवय असलेल्या आपल्या पायांना वाटतं, दोन-दोन करत जाऊ, पण तसं गेलं की लय बिघडते आणि धाप लागते. एक-एक पायरी घेत, अगदी सावकाश चढलं तर दम लागत नाही. शेजारून ऐंशीच्या घरातल्या आज्या एका संथ चालीने चढत असतात आणि त्यांचा श्वास जराही वाढलेला नसतो. खांबांच्या पलीकडे दोन्ही हातांना पेओनीचे ताटवे आहेत, हजारो झाडं. एप्रिलच्या शेवटापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ती फुलतात आणि फुलं अक्षरशः ओंजळीएवढी असतात. या फुलांमागेही एक आख्यायिका आहे. चीनच्या तांग दरबारातल्या एका राणीचा चेहरा घोड्यासारखा लांब होता. तिने दुरूनच हासेच्या कान्नोनला साकडं घातलं, तिला रूप मिळालं आणि तिने कृतज्ञतेने पेओनीची रोपं पाठवली.

जिना संपतो तिथे घंटेचा मनोरा आहे. रोज दुपारी बारा वाजता भिक्षू इथून शंख फुंकतात. जपानीत त्याला ‘होरा’ म्हणतात. भोवती डोंगर असल्यामुळे आवाज दरीत घुमत राहतो. बाराच्या आधी वर पोहोचेल असा बेत करा, एवढं माझं ऐका.

मुख्य मंदिराचा पुढचा भाग उतारावर उंच खांबांवर तोललेला आहे. क्योतोच्या कियोमिझू मंदिराला जसा लाकडी सज्जा आहे तसाच. तिथून खाली सगळी हासेची दरी, समोरची गर्द झाडी आणि डावी-उजवीकडे विखुरलेली छपरं दिसतात. पण सज्ज्यावर फोटो काढून परत फिरू नका. पाठीमागे वळा.

गाभारा अंधारा आहे आणि त्या अंधारात उंच चौकटीतून कान्नोनचा कमरेपासून वरचा भाग दिसतो. सोन्याचा मुलामा, डोक्यावर लहान मुखांचा मुकुट, अर्धमिटले डोळे. एकदम एवढं मोठं मुख समोर येतं की बोलता बोलता माणसं गप्प होतात. नीट बघा, उजव्या हातात काठी आहे, माथ्यावर कड्या असलेली, फिरत्या भिक्षूची असते तशी. डाव्या हातात कमळाचा कलश. शिवाय ही मूर्ती कमळावर उभी नाही, सपाट चौकोनी शिळेवर उभी आहे. जपानमधल्या बाकीच्या अकरा-मुखी मूर्ती सहसा अशा नसतात. हे रूप हासेचं, आणि पुढे देशभर या नमुन्याच्या मूर्ती झाल्या. अर्थ असा लावतात की हा कान्नोन स्वर्गात बसून राहिलेला नाही. काठी घेऊन तो या जमिनीवर माणसांच्या मदतीला चालत निघाला आहे. एका बाजूला नंद नागराज, दुसऱ्या बाजूला बालरूपातला उहो दोजी उभा आहे.

आता या धाग्याचं मुख्य कारण. वसंतात आणि शरदात काही आठवडे विशेष दर्शन असतं. वेगळं तिकीट काढावं लागतं. मनगटावर पाच रंगांच्या धाग्यांची दोरी बांधून देतात, तुमचं कान्नोनशी नातं जुळलं याची खूण म्हणून. मग बुटक्या दारातून वाकून मूर्तीच्या थेट पायथ्याशी जायचं. समोर दोन प्रचंड पावलं. वर सगळीकडे सोनं आणि पावलं मात्र काळीभोर, तुकतुकीत. शेकडो वर्षं लोकांनी हात फिरवून ती तशी झाली आहेत. तुम्हीही हात ठेवू शकता. कुणी हटकत नाही, मागची रांगही ढकलत नाही. पावलावर हात ठेवून वर बघितलं की दहा मीटर उंचीवरून ते मुख खाली, थेट तुमच्याकडे बघत असतं. लांबून सज्ज्यासमोर पाहिलेली मूर्ती आणि ही मूर्ती एकच आहे यावर विश्वास बसत नाही.

जपानमधल्या कितीतरी मोठ्या मंदिरांत मुख्य मूर्ती पडद्याआड असते, कित्येक वर्षांनी एकदा दाखवतात. इथे बाराही महिने दर्शन आहे आणि पायांना हात लावायची मुभा आहे. प्रवासाच्या तारखा हातात असतील तर विशेष दर्शनाच्या काळात जा. मंदिराच्या संकेतस्थळावर तारखा असतात.

लेणीवेडा

मनापासून धन्यवाद. तुमच्या लेखात एक वाक्य भर घालण्याजोगं आहे आणि ते बोरिवलीत आहे!

कान्हेरीच्या ४१ क्रमांकाच्या लेण्यात अकरा मस्तकांचा, चार हातांचा अवलोकितेश्वर कोरलेला आहे. भारतात या रूपाचं दगडातलं शिल्प जवळपास कुठेच मिळत नाही, म्हणून अभ्यासकांच्या लेखी त्याचं मोल फार. आपण मुंबईकर संजय गांधी उद्यानात जातो, ३ क्रमांकाचा चैत्य बघतो, दोन बुद्धमूर्तींसमोर उभे राहतो आणि खाली उतरतो. ४१ पर्यंत वर चढून जाणारे थोडेच. मूर्ती झिजली आहे, पण डोक्यावर एकावर एक रचलेली मुखं सकाळच्या तिरप्या उजेडात ओळखू येतात.

दुसरं, कान्नोनच्या भक्तीचा पाया म्हणजे सद्धर्मपुंडरीक सूत्राचा २५ वा अध्याय. आगीत, पुरात, समुद्रात, चोरांच्या तावडीत, बेड्यांत सापडलेल्या माणसाने नाव घेतलं की अवलोकितेश्वर धावून येतो, असं त्यात आहे. हेच औरंगाबादच्या ७ क्रमांकाच्या लेण्यात दगडात दिसतं. मधे अवलोकितेश्वर, दोन्ही बाजूंना आठ संकटं: आग, तलवार घेतलेला शत्रू, बेड्या, बुडणारं जहाज, सिंह, साप, पिसाळलेला हत्ती, मृत्यू. प्रत्येक चौकटीत माणूस हात जोडून वर बघतोय. अजिंठ्याच्या ४ क्रमांकाच्या लेण्यातही असाच शिल्पपट आहे. आपल्या बंदरांतून निघणाऱ्या व्यापाऱ्यांची ही श्रद्धा होती. जहाजाची चौकट प्रत्येक ठिकाणी आहे ती उगाच नाही.

रानवाटा

@लेणीवेडा, हे वाचून अंगावर काटा आला. सकाळच्या प्रार्थनेत इथे भिक्षू तोच २५ वा अध्याय म्हणतात, त्याला कान्नोन-ग्यो म्हणतात. सकाळची प्रार्थना सर्वांना खुली असते. ढोलाचा ठोका आणि सगळ्यांचा एकसुरी आवाज. पुढच्या वेळी ऐकताना औरंगाबादच्या त्या चौकटी डोळ्यांसमोर असतील.

सदाफुली

सुंदर लिहिलंय. पायांना हात लावण्याचं वाचून पंढरपूर आठवलं. जगात फार कमी ठिकाणी देव असा हाताला लागतो.

माझा प्रश्न खाण्याचा. आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत, अंडंही नाही. तिथे काय मिळेल?

रानवाटा

@सदाफुली, मंदिराकडे जाणाऱ्या गल्लीत दोन्ही बाजूंना कुसामोची विकणारी दुकानं आहेत. योमोगी नावाच्या रानपाल्याने हिरवी झालेली तांदळाची मऊ गोळी, आत लाल चवळीसारख्या दाण्याचं गोड पुरण. काही दुकानांत तव्यावर भाजून देतात, बाहेरून खरपूस आणि आतून ऊन. नि:शंक खा. साकुराइजवळचं मिवा हे सोमेनचं, म्हणजे बारीक गव्हाच्या शेवयांचं गाव, त्यामुळे हासेच्या हॉटेलांतही सोमेन मिळतात. पण त्याच्या रश्शात बहुतेक वेळा बोनितो माशाची ‘दाशी’ असते. शेवया स्वतः शाकाहारी, रस्सा नाही. पानात गुंडाळलेली सुशीही या भागात खूप दिसते, तिच्यात मासा असतो. ओसाकाहून किंवा क्योतोहून पोळी-भाजीचा डबा घेऊन निघणं सगळ्यात उत्तम.

ओसाकाकर

गाडीचं मी सांगतो, कारण इथे लोक गोंधळतात. हासेदेरा स्टेशन किंतेत्सू ओसाका मार्गावर आहे आणि किंतेत्सू ही खासगी रेल्वे आहे. जेआरचा, म्हणजे जपान रेल्वेचा, पास तिथे चालत नाही, तिकीट वेगळं काढा किंवा कार्ड टॅप करा. ओसाकाच्या उएहोम्माचीहून एक्स्प्रेस थेट हासेदेराला थांबते. ‘लिमिटेड एक्स्प्रेस’ थांबत नाही, तिच्यात चढलात तर यामातो-यागीला उतरून साधी एक्स्प्रेस पकडा. क्योतोहून किंतेत्सूनेच यामातो-यागीपर्यंत यायचं आणि तिथे बदलायचं. दीड तासाच्या आसपास धरा.

स्टेशन मंदिराच्या समोरच्या डोंगरावर आहे. उतरल्यावर पायऱ्यांनी खाली नदीपाशी, मग पूल ओलांडून त्या दुकानांच्या गल्लीने मंदिरापर्यंत, सगळं मिळून वीस मिनिटं. परतताना ही स्टेशनची चढण पायांना जास्त जाणवते, म्हणून गाडीच्या वेळेआधी थोडा अवधी ठेवा.

क्योतोप्रेमी

लेख आवडला, पण एक मत मांडतो. ज्यांच्याकडे कान्साइसाठी, म्हणजे ओसाका-क्योतो-नारा भागासाठी, दोन-तीनच दिवस आहेत त्यांनी कियोमिझू सोडून इकडे जावं असं मला वाटत नाही. कियोमिझूचा सज्जा १६३३ चा आहे, तेरा मीटर उंच, खिळा न वापरता खांब-तुळयांच्या सांध्यांवर उभा. तीही कान्नोनचीच जागा आहे. शिवाय आजूबाजूचा सगळा हिगाशियामा भाग पायी फिरता येतो.

रानवाटा

@क्योतोप्रेमी, कियोमिझू सोडा असं मी म्हणणार नाही. दोन्ही मंदिरं एकाच यात्रेत येतात, सायगोकू नावाच्या यात्रेतल्या ३३ कान्नोन-स्थानांत हासेदेरा ८ वं, कियोमिझू १६ वं. पण दर्शनाचा फरक मोठा आहे. कियोमिझूची मुख्य मूर्ती झाकलेली असते, ती ३३ वर्षांतून एकदा उघडतात. या नेमाप्रमाणे यापूर्वी २००० साली उघडली होती. गर्दीही अशी की सज्ज्यावर उभं राहायला जागा मिळवावी लागते. ज्याला इमारत बघायची आहे त्याने कियोमिझूला जावं. ज्याला देवासमोर थोडा वेळ बसायचं आहे त्याने हासेला. आणि तीन दिवस असतील तर त्यातला एक हासेला द्यायला माझी अजिबात हरकत नाही!

जुनी_वही

या यात्रेबद्दल जरा लिहिते, कारण हासेचा विषय निघाला की हेइआन काळातल्या (साधारण नववं ते बारावं शतक) बायका आठवतात. क्योतोहून इथपर्यंत यायला तेव्हा काही दिवस लागत, तेही बैलगाडीत किंवा पायी. तरीही राजधानीतल्या स्त्रिया येत, देवळात रात्र-रात्र बसून राहत आणि स्वप्नात कौल मिळण्याची वाट बघत. ‘गेंजी मोनोगातारी’ या त्या काळातल्या प्रसिद्ध कादंबरीतली तामाकाझुरा हासेलाच निघालेली असते आणि वाटेवरच्या मुक्कामात तिला तिच्या मृत आईची जुनी दासी भेटते. तिथून तिचं नशीब फिरतं.

मला त्याहून जवळची वाटते ती ‘साराशिना निक्की’ ही रोजनिशी लिहिणारी स्त्री. लहानपणापासून तिला यात्रेला जायचं होतं, पण आई प्रवासाला घाबरे. शेवटी आईने फूटभराचा आरसा ओतून घेतला आणि मुलीच्या वतीने एका भिक्षूला तो घेऊन हासेला पाठवलं. भिक्षूला स्वप्न पडलं: आरशाच्या एका बाजूला कुणीतरी लोळण घेऊन रडतंय आणि दुसऱ्या बाजूला नवे पडदे, फुललेली झाडं, पक्षी. ती स्वतः गेली ती १०४६ मध्ये, मध्यम वयात. आणि तेही नेमकी नव्या सम्राटाच्या मोठ्या शुद्धीविधीच्या मिरवणुकीच्या दिवशी. सारा देश मिरवणूक बघायला राजधानीत येत होता आणि ही उलट दिशेने बाहेर पडत होती. भाऊ रागावला, रस्त्यातले लोक हसले. नवरा मात्र म्हणाला, तुला वाटतंय तर जा. मला त्या नवऱ्याचंही कौतुक वाटतं.

नागपूरकर

मी बौद्ध घरातला. आमच्याकडे त्रिशरण, पंचशील, बुद्धवंदना. अवलोकितेश्वर, शंख, मंत्र यांची आम्हाला सवय नाही. गेल्या वर्षी कामानिमित्त जपानला गेलो तेव्हा अशी देवळं बघून सुरुवातीला परकं वाटलं होतं, हे खरं सांगतो. वरचे प्रतिसाद वाचून बरं वाटलं, कारण यातलं बरंच आपल्याच लेण्यांतून गेलेलं आहे.

एक दुवा माझ्याकडूनही. नागपूरला आयुष्य वाहिलेले भदंत आर्य नागार्जुन सुरई ससाई मूळचे जपानचे, ओकायामा प्रांतातले. जपानमध्ये त्यांची दीक्षा शिंगोन या मंत्रमार्गी बौद्ध परंपरेत झाली होती, तोक्योजवळच्या ताकाओ डोंगरावरच्या याकुओइन मंदिरात. हासेदेराही शिंगोनचंच ना?

रानवाटा

@नागपूरकर, होय, आणि नातं तुम्हाला वाटतंय त्याहून जवळचं आहे. पूर्वी नेगोरोजी नावाचा मोठा शिंगोन मठ होता. १५८५ मध्ये तेव्हाचा बलाढ्य सेनानी हिदेयोशी याच्या सैन्याने तो जाळला. तिथले विद्वान भिक्षू पांगले. त्यांतले सेन्यो १५८८ मध्ये हासेदेराला आले आणि तिथे बुझान शाखा उभी राहिली. गेन्यू यांनी क्योतोच्या चिशाकुइनमध्ये चिझान शाखा वाढवली. ताकाओ डोंगरावरचं मंदिर या चिझान शाखेचं. म्हणजे हासेदेरा आणि ससाईजींचं दीक्षास्थान एकाच जळालेल्या मठाच्या दोन फांद्यांवर येतात. हे तुमच्यामुळे धाग्यात आलं याचा फार आनंद झाला.

परकं वाटण्याबद्दल म्हणाल, तर सकाळच्या प्रार्थनेला एकदा बसा. ‘ओन माका क्यारोनिक्या सोवाका’ हा अकरा-मुखी कान्नोनचा मंत्र कानावर पडेल. त्यातला ‘महाकारुणिक’ आपल्याला लगेच कळतो.

भटकी_मीरा

कामाकुरालाही हासेदेरा आहे ना? आम्ही तिथे जाऊन आलोय, समुद्र दिसतो, तिथेही मोठी सोनेरी कान्नोन आहे. हे तेच का?

जुनी_वही

@भटकी_मीरा, मंदिर वेगळं, पण आख्यायिकेनुसार मूर्ती जुळ्या बहिणी. तोकुदोने कापराच्या एकाच अजस्र झाडापासून दोन कान्नोन कोरून घेतले. एक यामातोतल्या (नाराचं जुनं नाव) हासेला बसवला, दुसरा समुद्रात सोडून दिला, जिथे माणसांना गरज असेल तिथे तो जाईल म्हणून. काही वर्षांनी तो कामाकुराजवळच्या किनाऱ्याला लागला. कामाकुराची मूर्तीही नऊ मीटरच्या वर आहे आणि तिच्याही हातात काठी आहे.

तोकुदोची अजून एक कथा सांगते. आजारपणात तो मृत्यूलोकात गेला, तिथे एन्माने, म्हणजे यमाने, त्याला सांगितलं की पापी माणसांची फार गर्दी होतेय, तू लोकांना ३३ कान्नोन-स्थानांची यात्रा करायला लाव. पुरावा म्हणून ३३ शिक्के दिले. परत आल्यावर लोकांनी विश्वास ठेवला नाही, म्हणून त्याने ते शिक्के पुरून ठेवले. पुढे अडीचशेहून जास्त वर्षांनी सम्राट काझानने ही यात्रा पुन्हा सुरू केली असं मानतात. मंदिराकडे जाणाऱ्या गल्लीतच होक्किइन नावाचं छोटं देऊळ आहे, ते तोकुदोचं. लोक घाईत पुढे जातात. पाच मिनिटं थांबा.

सदाफुली

अरे वा, यम तिकडेही! आणि तो यात्रेला पाठवतोय हे फार छान आहे. अशा अजून गोष्टी असतील तर लिहा.

रानवाटा

@सदाफुली, मग ही घ्या, जपानी मुलांना तोंडपाठ असलेली. एक निराधार तरुण हासेच्या कान्नोनपुढे पडून राहतो, ‘काहीतरी मार्ग दाखव, नाहीतर इथेच मरतो’. कौल मिळतो: बाहेर पडताना हाताला पहिलं जे लागेल ते सोडू नकोस. दारातच तो अडखळून पडतो आणि हातात येते गवताची एक काडी. चेहऱ्याभोवती घोंघावणारी माशी तो त्या काडीला बांधतो. गाडीतल्या एका मुलाला ते खेळणं हवं असतं, त्याबदल्यात संत्री मिळतात. तहानेने कासावीस झालेल्या बाईला तो संत्री देतो, ती उंची कापड देते. कापडाच्या बदल्यात निपचित पडलेला घोडा, तो घोडा कान्नोनच्या कृपेने उठून उभा राहतो, आणि घोड्याच्या बदल्यात शेत. मला या गोष्टीत हे आवडतं की वाटेतल्या प्रत्येक माणसाला ती वस्तू खरोखर हवी असते. फसवणूक कुठेच नाही.

अनुज_पुणे

धागा वाचून बेत बदलला. नोव्हेंबरच्या मध्यात आई-बाबांना घेऊन येतोय. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सपाटीला चालतात, पण जिने टाळतात. ३९९ पायऱ्या जमतील का? त्याच दिवशी जवळचं मुरोजी मंदिरही करता येईल का?

ओसाकाकर

@अनुज_पुणे, मुरोजीसाठी दोन स्टेशनं पुढे मुरोगुची-ओनोला उतरून बस घ्यावी लागते आणि बसच्या फेऱ्या कमी आहेत. तिथला पाचमजली मनोरा उघड्यावर उभ्या अशा मनोऱ्यांत जपानमधला सगळ्यात छोटा, जेमतेम सोळा मीटर. १९९८ च्या वादळात मोठं झाड पडून तो फुटला होता, २००० मध्ये दुरुस्त झाला. बघण्यासारखाच आहे, पण तिथेही पायऱ्या आहेत. बाबांबरोबर दोन्ही एका दिवसात करू नका.

रानवाटा

@अनुज_पुणे, गुडघ्याचं डॉक्टरांना विचारूनच ठरवा. माझ्याकडून माहिती एवढी: पायऱ्या बुटक्या आहेत, वर छप्पर असल्यामुळे पावसातही दगड निसरडे होत नाहीत, आणि जिना तीन टप्प्यांत वळतो, तिथे बाजूला होऊन थांबता येतं. माझ्या सासूबाईंनी काठी घेऊन, प्रत्येक वळणावर टेकत चढाई केली. उतरताना गुडघ्यावर भार जास्त येतो, तेव्हा घाई नको. स्टेशनकडून गल्लीपर्यंतच्या पायऱ्या टाळायच्या असतील तर टॅक्सीने थेट महाद्वारापर्यंत जा, म्हणजे बाबांचे पाय आतल्या जिन्यासाठी शिल्लक राहतील. चढाई जमणार नाही असं वाटलं तर मंदिराला आधी फोन करून किंवा हॉटेलच्या माणसाकडून विचारून घ्या, वयस्कर भाविकांची त्यांना सवय आहे.

नोव्हेंबरच्या मध्यात मेपलची पानं लाल झालेली असतात आणि शरदातलं विशेष दर्शन साधारण तेव्हा चालू असतं, तरी तारखा तपासा. त्या दिवसांत दुपारनंतर गर्दी वाढते. नऊच्या सुमाराला दारात असाल असे निघा, विशेष दर्शन आधी करून घ्या, मग बाराच्या शंखापर्यंत सज्ज्यावर निवांत बसता येईल. प्रवेश ५०० येन, विशेष दर्शनाचे पैसे वेगळे, आणि गल्लीतल्या जुन्या दुकानांसाठी थोडी रोकड ठेवा. पायथ्याशी आत जाताना बुटकं दार आहे, बाबांना वाकावं लागेल. तेवढं आधी सांगून ठेवा.